डावा खांदा की उजवा

रविवारी सकाळी सिंगापुरातल्या आमच्या आंग मो किओच्या घरात जेवणाच्या टेबलावर चार पेले आणि चार वाट्या समोरासमोर मांडलेल्या असतात. पेले म्हणजे पुरुष, वाट्या म्हणजे बायका. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली, तेव्हा तिला वाटलं मी कसलं तरी व्रत धरलंय. पेल्यात पाणी नाही, वाटीत तांदूळ नाहीत, आणि मुलगी हातात चिठ्ठी घेऊन भांडी इकडून तिकडे सरकवतेय. दोन दिवस तिने काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, ही वाटी इथे कशी आली? हिचा नवरा तिकडे आहे ना?"

तिचं बरोबर होतं. वाटी चुकली होती. म्हणजे चिठ्ठी वाचताना मी चुकले होते.

ही चिठ्ठी असते स्कॉटिश कंट्री डान्सची. 'कंट्री' असलं तरी हा एकट्यादुकट्याने नाचायचा गावरान नाच नव्हे. बहुतेक नाचांत चार जोड्या असतात, पुरुष एका रांगेत, बायका समोरच्या रांगेत. या आठ जणांच्या मांडणीला सेट म्हणतात. वाजवणारे ज्या टोकाला बसतात ते वरचं टोक, आणि पुरुषांचा डावा खांदा त्या बाजूला. वरून पहिली, दुसरी, तिसरी, चौथी जोडी. पहिली जोडी एक फेरा नाचते आणि एक घर खाली उतरते, मग तोच फेरा पुन्हा. खाली पोहोचल्यावर दुसऱ्या जोडीची पाळी. असं करत सगळ्यांना पहिलं होण्याची संधी मिळते. पावलं मोजकीच असतात आणि ती महिन्या-दोन महिन्यांत पायात बसतात. खरी मजा आणि खरी पंचाईत असते ती आकृत्यांची : कोणी कोणाभोवती फिरायचं, कोणत्या हाताने, किती, आणि शेवटी उभं कुठे राहायचं.

हे सगळं चिठ्ठीत असतं. म्हणजे असायला हवं. नमुन्यादाखल मीच एक ओळ रचते, कारण अशा ओळी शेकडो नाचांत सापडतात :

१ ते ८ : पहिली जोडी उजव्या हाताने फिरते, बाहेरून एक घर खाली उतरते, डाव्या हाताने फिरते.

वाचायला किती सोपी. आता नाचून बघा. उजव्या हाताने फिरायचं ते किती? अर्धं, पूर्ण की दीड? डाव्या हाताने किती? शेवटी आपापल्या बाजूला थांबायचं की जोडीदाराच्या? आणि खाली उतरायचं त्या घरात दुसरी जोडी आधीच उभी आहे, तिचं काय?

इथे पहिला साक्षीदार बोलवायचा : संगीत. ओळीच्या सुरुवातीचे '१ ते ८' हे बार आहेत. बार म्हणजे तालाचं एक माप, आपल्याकडे आवर्तन मोजतो तसं. बहुतेक नाचांचा एक फेरा ३२ बारांचा असतो आणि तो आठ-आठ बारांच्या चार तुकड्यांत पडतो. रील नावाच्या जलद चालीत हे ३२ बार अर्ध्या मिनिटाहून थोड्याच जास्त वेळात संपतात. स्ट्रॅथस्पे नावाच्या संथ चालीत साधारण एक मिनिट लागतं. एका बारात एक पाऊल. बाहेरून एक घर खाली उतरायला दोन बार लागतात, त्यात घासाघीस चालत नाही. आठातून दोन गेले, उरले सहा. जोडीदाराचा हात धरून एक पूर्ण फेरा मारायला चार बार, अर्ध्याला दोन. म्हणजे सहा बारांची वाटणी एकतर चार आणि दोन, नाहीतर दोन आणि चार.

आता पेला आणि वाटी हलवा. पहिली वाटणी घेतली तर उजव्या हाताने पूर्ण फिरून दोघं आपापल्या जागी येतात, आपल्याच रांगेमागून खाली उतरतात, आणि डाव्या हाताच्या अर्ध्या फेरीने बाजू बदलतात. पेला वाट्यांच्या रांगेत जातो. दुसरी वाटणी घेतली तर अर्ध्या फेरीने आधीच बाजू बदलते, दोघं परक्या रांगेमागून उतरतात, आणि मग चार बारांत डाव्या हाताने एक फेरा मारला तर तिकडेच राहतात, जरा पाय उचलून दीड मारला तर घरी परततात.

म्हणजे तीन वाटा. त्यातली कोणती खरी, हे या ओळीत कुठेच लिहिलेलं नाही. ते पुढच्या ओळीत असतं. ९व्या बाराला जर पहिल्या जोडीने आपापल्या बाजूने काही सुरू करायचं असेल, तर दीड फेऱ्याची एकच वाट उरते. ९व्या बाराला ती परक्या बाजूला हवी असेल तर दोन वाटा शिल्लक राहतात, आणि मग धून ऐकायची. चार बारांपाशी सुराचा एक छोटा श्वास असतो. अर्धी फेरी आणि उतरणं पहिल्या चारांत, पूर्ण फेरा पुढच्या चारांत, असं केलं की पाय त्या श्वासावर नेमके पडतात. पूर्ण फेरा आधी घेतला तरी पडतात, पण मग उतरणं आणि अर्धी फेरी एकाच श्वासात कोंबावी लागते. मी अशा वेळी दोन्ही नाचून बघते. पायाला लगेच कळतं.

आणि दुसरी जोडी? ती तिसऱ्या-चौथ्या बाराला किंवा पाचव्या-सहाव्याला गुपचूप एक घर वर सरकते. चिठ्ठीत पुष्कळदा तिचा उल्लेखही नसतो. पण ती सरकली नाही तर एका घरात दोन बिऱ्हाडं. मला वाटतं, नाचाच्या चिठ्ठीत सगळ्यात जास्त गाळलं जातं ते हेच, बाजूला उभ्या राहणाऱ्यांचं काम.

इतकं मोघम का लिहायचं, हा प्रश्न आईनेच विचारला. उत्तर तिच्याच पिशवीत होतं. तिच्याकडे मंगळागौरीच्या खेळांची एक जुनी वही आहे. इथल्या मराठी बायका श्रावणात मंगळागौर करतात, त्यांना खेळ शिकवायचे म्हणून तिने ती आणली होती. उघडली तर आत नुसती नावं : झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, अगोटा-पागोटा, लाट्या. काही ठिकाणी गाण्याचे पहिले दोन शब्द. खेळ कसा खेळायचा याची एक ओळ नाही. का असेल? वही लिहिणारीला तो येतच होता, तिला फक्त क्रम विसरायचा नव्हता. इथल्या मुलींच्या हाती ती वही दिली तर त्या पिंगा म्हणजे काय ते शोधत बसतील.

इंग्लंडात हेच तीनशे सत्तर वर्षांपूर्वी झालं. जॉन प्लेफर्ड नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्याने १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' छापलं. शंभराहून जास्त नाच, प्रत्येकाची धून, खाली दोन-चार ओळींच्या सूचना, आणि कोण कुठे उभं ते दाखवायला चंद्रकोरी आणि वर्तुळं. माझे पेले-वाट्या म्हणजे त्याच घराण्यातले. त्या सूचनांत 'साइड्स' असा एक शब्द वारंवार येतो. जोडीदार एकमेकांच्या बाजूला जातात एवढा बोध होतो. कसे जातात, ते प्लेफर्ड सांगत नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला ते माहीत होतं. गिऱ्हाईक मेलं, पुस्तक उरलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने हे नाच पुन्हा उभे करायला घेतले. १९११ पासून त्याने आपलं वाचन छापलं. 'साइड्स'चा त्याने लावलेला अर्थ असा की दोघं वळणदार वाटेने एकमेकांच्या जागी जातात आणि तशाच वाटेने परततात. दिसायला फार सुंदर. दोन पिढ्या तसंच नाचल्या. मग पॅट शॉ नावाच्या दुसऱ्या जाणकाराने जुने कागद पुन्हा चाळून सांगितलं की नाही, दोघं नुसतं पुढे येऊन खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि मागे जातात. बहुतेक अभ्यासक आज शॉच्या बाजूचे आहेत. पण शार्पची वळणं गेली नाहीत. चुकीच्या वाचनातून जन्मलेली एक आकृती आता स्वतःच्या हक्काने जगते, आणि नाच सांगणाऱ्याला कोणती हवी ते नाव घेऊन सांगावं लागतं. मोडी वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं न दाखवणाऱ्या, शब्द सलग लिहिणाऱ्या त्या लिपीत एक नाव चुकीचं लागलं की ते पुढच्या चार पुस्तकांत तसंच फिरत राहतं.

स्कॉटलंडच्या बाजूला हे काम १९२३ साली ग्लासगोत सुरू झालं. जीन मिलिगन ही शिक्षकांच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवणारी बाई आणि यझोबेल स्टुअर्ट ही गर्ल गाइड चळवळीतली बाई, या दोघींच्या पुढाकाराने स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी निघाली. तिला 'रॉयल' ही पदवी १९५१ साली मिळाली. हस्तलिखितं, जुनी छापील पुस्तकं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून एकेक नाच जुळवायचा आणि छोट्या पुस्तकांतून छापायचा, असा क्रम होता. पहिल्या पुस्तकातला पहिला नाच 'पेट्रोनेला'. गावागावांत एकच नाच चार तऱ्हांनी चालायचा. छापताना एक तऱ्हा निवडावी लागते, आणि निवडलेली छापली की बाकीच्या तीन 'चूक' ठरतात. मिलिगनबाईंवर याबद्दल टीका झाली, अजून होते. मला मात्र वाटतं, त्यांनी तो दुष्टपणा केला नसता तर मी सिंगापुरात, जपानी आणि चिनी शेजाऱ्यांबरोबर, आदल्या दिवशी चिठ्ठी वाचून नाचूच शकले नसते.

तरीही छापलेल्या शब्दांचे पाय सुटतातच. 'अलमांड' हा शब्द घ्या. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नुसता 'जर्मन'. अठराव्या शतकातल्या बैठकीच्या नाचात अलमांड म्हणजे जोडीदाराचे हात पाठीमागे गुंफून फिरणं. आजच्या स्कॉटिश सेटमध्ये अलमांड म्हणजे दोन किंवा तीन जोड्या, बाईच्या खांद्यावरून हात धरून एकामागोमाग गोल जातात आणि त्यांचा वर-खाली क्रम बदलतो. अमेरिकेतल्या चौकोनी नाचात 'अलमांड लेफ्ट' म्हणजे शेजारणीला डावा हात देऊन फिरणं, बस. तिन्ही मंडळी एका खोलीत आणून 'अलमांड' एवढंच ओरडलं तर काय होईल ते बघण्याची मला फार इच्छा आहे.

आमच्या चिठ्ठीला नाचणारे 'क्रिब' म्हणतात. शाळेत कॉपी करायला नेतात तसली चिठ्ठी, या अर्थाने. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संदेश फोडणाऱ्यांच्या बोलीतही 'क्रिब' हाच शब्द होता. तिथे त्याचा अर्थ, शत्रूच्या संदेशात नक्की असणार असा अंदाजाने धरलेला मजकूर. तो हाताशी असला की त्याच्या आधाराने बाकीचं कुलूप उघडता येतं. या दोन्ही क्रिबांवर हुकमत असलेला एक माणूस होऊन गेला. ह्यू फॉस, जन्म १९०२, जपानमधल्या कोबे शहरात, मिशनरी घरात. १९२०च्या दशकात तो ब्रिटिश सरकारच्या संकेतभेदी खात्यात लागला. बाजारात विकत मिळणारं एनिग्मा हे जर्मन संकेतयंत्र त्याने तपासून, ते फोडता येण्याजोगं आहे असा अहवाल दिला होता. युद्धात तो ब्लेचली पार्क या संकेतभेदाच्या केंद्रात जपानी नौदलाच्या संकेतांवर काम करणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. आणि संध्याकाळी तिथल्याच सहकाऱ्यांना जमवून स्कॉटिश नाच शिकवायचा. त्याने रचलेले 'जॉन मकॅल्पिन', 'पोलहॅरो बर्न' असे नाच आज जगभर नाचले जातात. 'पोलहॅरो बर्न'मध्ये चार नाही, पाच जोड्या लागतात, आणि त्याची चिठ्ठी वाचताना मला नेहमी वाटतं की या गृहस्थाने दिवसाचं काम घरी आणलं होतं.

उंच, तांबूस दाढीचा माणूस. इथल्या होक्कियन बोलीत गोऱ्या माणसाला 'आंग मो' म्हणतात, शब्दशः लाल केसवाला. फॉसला ते नाव अगदी शोभलं असतं. ज्या जपानी नौदलाचे संदेश तो ब्लेचलीत वाचत होता, तेच इथेही कान देऊन ऐकले जात होते. ब्रिटिशांची पूर्वेकडची संकेतभेदी तुकडी १९३९ साली हाँगकाँगहून सिंगापूरला हलली आणि जपानी फौजा मलायातून खाली येऊ लागल्यावर जानेवारी १९४२ मध्ये कोलंबोला गेली. तिचं संदेश टिपण्याचं ठाणं क्रांजीला होतं. आमच्या स्टेशनवरून सुटणारी मेट्रो त्याच क्रांजीवरून पुढे जाते.

याच युद्धातला आणखी एक किस्सा. जून १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सँ व्हालेरी इथे ब्रिटिशांची ५१वी हायलँड डिव्हिजन जर्मनांच्या हाती सापडली. तिचे अधिकारी बव्हेरियातल्या लाउफेनच्या छावणीत कैद झाले. तिथे लेफ्टनंट जिमी अॅटकिन्सनने एक नाच रचला, ज्यात नाचणारे तिरक्या ओळींत उभे राहून स्कॉटलंडच्या निशाणावरचा सेंट अँड्र्यूचा फुली-क्रूस तयार करतात. हा 'रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन' १९४५ साली सोसायटीच्या तेराव्या पुस्तकात, विजयाच्या पुस्तकात, छापला गेला. सांगतात ते असं, की अॅटकिन्सनने नाचाची कृती घरी पत्रात लिहिली होती, ते पत्र जर्मन हेरखात्याने अडवलं आणि हा काहीतरी सांकेतिक मजकूर आहे म्हणून बराच काळ त्यावर डोकं खाजवलं. मला हा किस्सा फार आवडतो, कारण त्या जर्मनांची बाजू मला नेमकी समजते. '१ली २री तिसऱ्या कोपऱ्याशी, डा. खां., अर्धी रील, ४ बार' असा कागद युद्धात माझ्या हाती पडला असता तर मीही साहेबांकडे पाठवला असता.

आता त्या रविवारच्या वाटीकडे येते.

नाच होता 'माइरीज वेडिंग', जेम्स कॉश यांनी रचलेला, ४० बारांचा. लग्नांत, पार्ट्यांत, कवी बर्न्सच्या स्मृतीच्या जेवणात, सगळीकडे चालतो. त्याचा मधला भाग असा : पहिली जोडी मध्यात, पाठीला पाठ. तिच्याभोवती चार कोपरे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीतले चौघं. पहिली जोडी आधी एका तिरक्या ओळीतल्या दोन कोपऱ्यांबरोबर अर्धी रील नाचते, मग दुसऱ्या तिरक्या ओळीतल्या दोघांबरोबर, मग परत पहिल्या, परत दुसऱ्या. इथे रील म्हणजे चाल नव्हे, एका ओळीतल्या माणसांनी एकमेकांच्या आत-बाहेरून विणत जाणं. दोन अर्ध्या रीलींच्या मध्ये पहिल्या जोडीतले दोघं एकमेकांना ओलांडून पुढच्या कोपऱ्याकडे वळतात. कोणत्या खांद्याने ओलांडायचं? माझ्या चिठ्ठीत नव्हतं. या एका खांद्यावरून नाचणाऱ्यांत दोन तट आहेत, आणि दोन्ही पद्धतींनी हा नाच जगभर नाचला जातो.

टेबलावर बघू. एका ओळीत चार भांडी : टोकाला वाटी, मग पेला, मग दुसरी वाटी, टोकाला दुसरा पेला. मधला पेला आणि मधली वाटी म्हणजे पहिली जोडी. टोकाचे दोघं कोपरे. चौघांच्या रीलचा सर्वमान्य नियम असा की टोकांना एकमेकांचा उजवा खांदा, मध्यात डावा. पहिला बार : मधले दोघं आपापल्या टोकाच्या भिडूला उजव्या खांद्याने ओलांडतात आणि टोकाला जातात, कोपरे आत येतात. दुसरा बार : कोपरे मध्यात भेटतात, डावा खांदा. तिसरा : टोकांना पुन्हा उजवा खांदा, कोपरे आता समोरच्या टोकाला पोहोचले, पहिली जोडी आत वळली. चौथा बार : पहिल्या जोडीतले दोघं मध्यात समोरासमोर. इथेच घोडं अडतं.

रीलचाच नियम लावला तर मध्यात डावा खांदा. विणलेल्या वाटेचा तो स्वाभाविक चौथा टाका आहे. पण कंट्री डान्समध्ये दुसराही एक नियम आहे, काही सांगितलं नसेल तर समोरच्याला उजव्या खांद्याने ओलांडावं. उजव्या तटाचे लोक म्हणतात, अर्धी रील झाली, आता हे पुढच्या कोपऱ्याकडे जाणं आहे, ते रीलमध्ये मोडत नाही, तेव्हा सामान्य नियम. दोन्ही नियम खरे, आणि चौथा बार कोणाच्या हद्दीत येतो यावर भांडण. आपल्याकडच्या शास्त्री मंडळींना हा खटला दिला असता तर त्यांनी पान खात खात निकाल दिला असता : विशेष नियमापुढे सामान्य नियमाचं चालत नाही. मी म्हणूनच डाव्या तटाची. शिवाय डाव्याने गेलं की वेग मोडत नाही.

आईला शास्त्र नको होतं. ती म्हणाली, "गोफासारखं आहे की हे." तिच्या लहानपणी शाळेत गोफ बसवत. वर एका ठिकाणी बांधलेल्या रंगीत पट्ट्या, खाली प्रत्येकीच्या हातात एकेक टोक, टिपऱ्यांच्या तालावर एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून जायचं. वर वेणी विणली जाते. मग सगळं उलट नाचायचं आणि वेणी सुटायला हवी. "एकीनेसुद्धा आतऐवजी बाहेरून टाकलं ना, तर सुटताना गाठ बसायची. बाई मग वर बघून सांगायच्या, कितवा रंग चुकलाय ते." स्कॉटिश नाचात अशी पट्टी हातात नसते ही खरी अडचण. चुकलेला खांदा हवेत विरून जातो, वर कुठे गाठ दिसत नाही. दिसतं ते फक्त आठव्या बाराला, कोण कुठे उभं आहे ते. म्हणून टेबलावर मी हल्ली वाट्यांना दोरा बांधते. माझ्या मुलाला ते फार मजेशीर वाटतं.

आईने पकडलेली माझी चूक मात्र खांद्याची नव्हती. ती कोपऱ्याची होती. पहिली अर्धी रील झाली की कोपऱ्यातल्या दोघांनी जागा बदललेल्या असतात. पुढे चिठ्ठी सांगते, तिसऱ्या रीलसाठी 'पुन्हा पहिल्या कोपऱ्याकडे'. पहिला कोपरा म्हणजे ती वाटी, की ती जागा? वाटी तर आता समोरच्या टोकाला आहे. मी वाटीमागे गेले आणि सगळा सेट कोसळला. ऑफिसात 'साहेबांना विचारा' म्हणतात तेव्हा खुर्ची विचारायची की बदली होऊन गेलेला माणूस, तसला प्रश्न. चांगल्या चिठ्ठ्यांत 'पहिल्या कोपऱ्याची जागा' असं स्पष्ट लिहितात. ते लिहिलं नसेल तर मी आता जागाच धरते, कारण नाच भूमितीवर उभा असतो आणि माणसं त्यातून वाहत असतात. काही नाचांत मात्र माणूसच अभिप्रेत असतो, तेव्हा शेवटून उलटं मोजावं लागतं : ३२व्या किंवा ४०व्या बाराला कोण कुठे हवं, त्याच्या आधीच्या आठ बारांत ते कुठून येऊ शकतं, आणि असं मागे मागे.

आम्ही राहतो त्या गावाच्या नावालाही तसंच मागून मोजावं लागतं. 'आंग मो किओ' हे होक्कियन शब्द कानाने ऐकले तर 'लाल केसवाल्याचा पूल' असाही अर्थ होतो आणि 'लाल केसवाल्याचं वांगं' असाही, म्हणजे टोमॅटो. पूलवाले जॉन टर्नबुल थॉमसनचं नाव घेतात. तो १८४१ ते १८५३ इथला सरकारी सर्वेक्षक होता, आणि हॉर्सबर्ग दीपगृह त्याने बांधलं. टोमॅटोवाले भाजीच्या मळ्यांकडे बोट दाखवतात. १९७३ पासून इथे सरकारी घरांची वसाहत उभी राहू लागली. आज पाटीवर चिनी लिपीत जी अक्षरं आहेत, त्यांत पूल राहिलाय, पण लाल केस जाऊन 'भव्य आणि बहरलेला' अशी मंगल अक्षरं आली आहेत. लिहिणाऱ्याने आपला खांदा निवडला.

त्या संध्याकाळी आमच्या गटात 'माइरीज वेडिंग' लागला. मी डाव्या तटाची, टेबलावर तीनदा पडताळून आलेली. माझा जोडीदार ऐनवेळी बदलला आणि समोर आल्या गटातल्या सगळ्यात वयस्क बाई, तीस वर्षं हा नाच नाचलेल्या, चिठ्ठी कधी हातात न घेणाऱ्या. त्यांच्यापुढे मी पुरुषांच्या बाजूला उभी राहिले, म्हणजे पेला झाले. पहिली अर्धी रील. उजवा, डावा, उजवा. चौथ्या बाराला मध्यात त्या माझ्यासमोर आल्या, चष्म्यातून सरळ माझ्याकडे बघत, उजवा खांदा किंचित पुढे काढून.

मी उजवा दिला. घरी आले तेव्हा वाट्या टेबलावर नव्हत्या. आईने दोरे सोडून त्यात आमटी वाढली होती.